मुलांचीं वयें आणि कुटुंबाची सहल

प्रवास आणि सहल हे दोन शब्द घरांत बोलतांना एकाच अर्थानें वापरले जातात. पण त्यांत मोठा फरक आहे. प्रवासाला ठिकाण असतें. तेथें पोंचलें म्हणजे प्रवास संपला, आणि वाटेंत हाल झाले असले तरी ते विसरतां येतात. सहलीला ठिकाण हें केवळ निमित्त असतें. जातांनाचा वेळ, तिथला वेळ आणि परतीचा वेळ हा सारा मिळूनच सहल होते. म्हणून प्रवासांत खपून जाणारी घाई सहलींत खपत नाहीं. एकट्यादुकट्याला हा फरक फारसा जाणवत नाहीं. घरांत तीन वर्षांचा मुलगा, आठ वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी अशीं मुलें असलीं, बरोबर गुडघ्यांची तक्रार असलेली आजी असली, म्हणजे मात्र पहिल्याच दिवशीं दुपारीं बाराच्या सुमारास तो सर्वांना एकदम जाणवतो.

बारा हा आकडा येथें सहज घातलेला नाहीं. तीन वर्षांचें मूल सकाळीं सहाला उठून बसतें आणि बारा-साडेबाराला त्याचे डोळे मिटूं लागतात. थोरल्या मुलीला सहल म्हणजे उशिरां उठण्याची मोकळीक वाटते. ती नऊला उठते, दहाला न्याहारी करते, आणि बारा वाजतां कोठें तिला बाहेर पडण्याचा उत्साह येतो. मधला दिवसभर एकाच वेगानें धांवत असतो, पण दर दोन तासांनीं त्याला भूक लागते. वडील माणसें या तिन्ही गोष्टींना अनुक्रमें हट्ट, आळस आणि खादाडपणा अशीं नांवें देऊन मोकळीं होतात. हीं नांवें अन्यायाचीं आहेत. अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं मुलांच्या झोंपेचीं जीं प्रमाणें सांगितलीं, त्यांप्रमाणें तीन ते पांच वर्षांच्या मुलाला दुपारची झोंप धरून दिवसाचे १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोंप लागते. त्यांतहि वयांत येणाऱ्या मुलांच्या शरीरांत झोंप आणणारें मेलाटोनिन हें द्रव्य रात्रीं उशिरां स्रवूं लागतें. त्यामुळें रात्रीं अकरापर्यंत त्यांना झोंप येत नाहीं आणि सकाळीं डोळा उघडत नाहीं. एका घरांत तीन घड्याळें असून तीं निरनिराळ्या वेळीं चालतात, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

अशा वेळीं बहुतेक वडील जो मार्ग काढतात तो सरासरीचा. तीन, आठ आणि तेरा यांची सरासरी आठ येते, आणि न कळत सारी सहल आठ वर्षांच्या मुलाच्या मापानें बेतली जाते. सकाळीं आठला निघावयाचें, चार ठिकाणें पाहावयाचीं, दोनला जेवावयाचें, संध्याकाळीं पुन्हां एक ठिकाण. हें माप धाकट्याच्या पायांना झेपत नाहीं आणि थोरलीच्या मनाला पुरत नाहीं. धाकटा रडतो, थोरली तोंड फिरवून बसते. आणि ज्याच्यासाठीं माप घेतलें त्या मधल्यालाहि, दोन्ही बाजूंना रुसवेफुगवे चाललेले पाहून, कसलाच आनंद होत नाहीं.

यावर उपाय एकच आहे, आणि तो बेत करतांनाच योजावा लागतो. सहल सर्वांची असावी याचा अर्थ सर्वांनीं सर्व वेळ एकत्र असावें असा नव्हे. दिवसांतून दोन-तीन तास सर्वांचे, आणि बाकीचा दिवस दोन टोळ्यांचा, अशी वांटणी ज्या घरांत होते तेथें मुलांच्या वयांतील अंतर अडचणीचें राहत नाहीं. आपल्या कुटुंबांत या वांटणीविषयीं एक संकोच आहे. ‘आलों एकत्र, मग फिरायचें वेगवेगळें कशाला?’ असें आजी विचारते, आणि त्यावर कोणाला उत्तर सुचत नाहीं. उत्तर असें कीं, वेगळें फिरून आलेलीं माणसें जेवतांना एकमेकांना सांगण्यासारखें कांहींतरी घेऊन येतात. दिवसभर एकमेकांना ओढीत फिरलेलीं माणसें जेवतांना गप्प असतात.

माथेरानचें उदाहरण घेण्यासारखें आहे, कारण मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना तें जवळचें. समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीवरील हें गांव १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं इंग्रजी अंमलदारांच्या नजरेस आणलें. १९०७ सालीं नेरळहून तेथें दोन फुटी रुळांची छोटी आगगाडी चढूं लागली. तिची वाट सुमारें २१ किलोमीटरांची. ती वळणें घेत दोन तासांहून अधिक वेळ चढत राहते. मोटारींना गांवांत मज्जाव असून त्या दस्तुरी नाक्यावरच सोडाव्या लागतात. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर दूर. हें अंतर वडिलांना किरकोळ वाटतें; तीन वर्षांच्या मुलाला तें काशीयात्रेइतकें असतें. म्हणून निघण्यापूर्वीं पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, दस्तुरीपासून पुढें धाकट्याला आणि आजीला कशानें न्यावयाचें? तेथील अमन लॉज स्थानकावरून माथेरानपर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या असतात. पावसाळ्यांत नेरळहून वर येणारी गाडी बंद असतांनाहि या फेऱ्या सामान्यतः चालू ठेवल्या जातात. जागा मोजक्या असल्यानें तिकिटाच्या रांगेंत एकानें आधीं जाऊन उभें राहावें, आणि बाकीच्यांनीं सामानाजवळ बसावें.

तेथें पोंचल्यावर दिवसाची मांडणी अशी करतां येते. सकाळीं सहाला जागा झालेला धाकटा आणि पहांटे उठण्याची संवय असलेली आजी हीं दोघें एका टोळीचीं. लाल मातीच्या रस्त्यावरून, झाडांच्या सावलींतून, घोडे पाहत आणि माकडें मोजीत तीं अर्धा तास फिरून आलीं कीं दोघांचीहि सहल निम्मी साधली. धाकट्याला पॉइंट दाखविण्याची गरज नसते, कारण दरीचें सौंदर्य हें त्या वयाला दिसतच नाहीं, त्याला रस्त्यावरचा खडा दिसतो. थोरलीला नऊपर्यंत निजूं द्यावें. बाराच्या आंत सर्वांचें जेवण उरकावें, आणि धाकटा झोंपला म्हणजे त्याच्याजवळ एका वडील माणसानें थांबावें. रोज तेंच माणूस थांबूं नये, हें मात्र कटाक्षानें पाहावें; नाहींतर बहुतेक घरांत तें माणूस आईच असते आणि तिची सहल खोलींतल्या खिडकींतून होते. चारपासून सहापर्यंत सर्वांनीं मिळून शार्लट तलावाकडे जावें. याच तलावाचें पाणी गांव पितें, तेव्हां त्यांत पाय बुडवण्याचा हट्ट मुलांनीं धरला तर तो पुरवूं नये. सूर्यास्तासाठीं पॉर्क्युपाइन पॉइंटवर थोरली आणि मधला यांना घेऊन वडिलांनीं जावें. धाकट्याची ती जेवणाची वेळ असते. कड्यावर कठडा असो वा नसो, आठ वर्षांच्या मुलाचा हात हातांत असावा. खाऊची पिशवी उघडी दिसली कीं माकडें ती हिसकावून नेतात, हेंहि मुलांना आधींच सांगून ठेवलेलें बरें.

वेगळे होऊन पुन्हां भेटण्याची गंमत मात्र रायगडावर जशी येते तशी अन्यत्र क्वचितच येत असेल. महाडपासून सुमारें २५ किलोमीटरांवर असलेल्या या गडावर १६७४ सालीं छत्रपति शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, हें मुलांनीं पुस्तकांत वाचलेलें असतें. वर जाण्याला दोन वाटा आहेत. एक चौदाशेंहून अधिक पायऱ्यांची, आणि दुसरी १९९६ पासून सुरू झालेल्या रोपवेची, जिनें कांहीं मिनिटांत माथ्यावर जातां येतें. ज्या घरांत एकत्र राहण्याचा आग्रह असतो तेथें सगळेच पाळण्यांत बसतात, आणि थोरलीच्या हातून गड चढण्याचा दिवस जातो. किंवा सगळेच पायऱ्या चढूं लागतात, आणि तिसऱ्या वळणावर धाकटा वडिलांच्या खांद्यावर व आजी दगडावर बसलेली दिसते. वास्तविक येथें वांटणी गडानेंच करून ठेविली आहे. थोरली, मधला आणि वडील यांनीं पहांटे पायऱ्यांनीं निघावें. दीड-दोन तास लागतात. आई, आजी आणि धाकटा यांनीं सावकाश न्याहारी करून रोपवेनें यावें. भेटण्याची जागा खालींच ठरवावी, आणि ती होळीच्या माळासारखी कोणालाहि विचारून सांपडणारी असावी. मोबाईल लागेलच या भरंवशावर राहूं नये. वारा फार असला कीं रोपवे थांबवावा लागतो, सुटीच्या दिवशीं रांगहि लांबते. म्हणून दोन्ही टोळ्यांजवळ आपापलें पाणी आणि खाणें असावें. पायऱ्या चढून घामाघूम झालेला आठ वर्षांचा मुलगा माळावर उभ्या असलेल्या आजीला लांबून हांक मारतो, तेव्हां त्याच्या आवाजांत जो रुबाब असतो तो पाळण्यांतून आलेल्या मुलाच्या आवाजांत कसा येणार?

गडावर गोष्टहि वयाप्रमाणें सांगावी लागते. हिरकणीची कथा, म्हणजे दूध विकावयास आलेली आणि सायंकाळीं दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठीं कडा उतरून गेलेली ती गवळण, ही आठ वर्षांच्या मुलाला तेथल्या तेथें बुरूज दाखवून सांगावी. धाकट्याला त्या गोष्टींतलें फक्त बाळ कळतें, आणि तेवढें त्याला पुरतें. थोरलीला गोष्ट सांगण्याऐवजीं प्रश्न विचारावा: इतक्या उंचावर एवढ्या वस्तीला पाणी कोठून पुरत असेल? गडावरचे तलाव आणि टाकीं ती मग आपणहून शोधूं लागते.

थोरल्या मुलीविषयीं येथें थोडें अधिक बोलणें जरूर आहे. ‘ताई, याला जरा धर,’ हें वाक्य सहलींत दिवसांतून किती वेळां उच्चारलें जातें याची मोजदाद कोणी करीत नाहीं. आई दमलेली असते, वडील तिकिटांच्या रांगेंत असतात, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटा येऊन बसतो तो दिवस मावळेपर्यंत. थोरला मुलगा असेल तर ही हांक कमी वेळां ऐकूं येते, हेंहि खरें आहे. घरांतल्या कामांत हातभार लावणें वेगळें आणि सुटीच्या चार दिवसांत बिनपगारी दाई होणें वेगळें. मदत मागावयाची तर ती वेळ ठरवून मागावी: सकाळचा एक तास तुझा, पुढें तूं मोकळी. आणि तिला असें एखादें काम द्यावें कीं ज्यांत तिची अक्कल लागेल. गाड्यांचें वेळापत्रक पाहणें, नकाशावरून वाट काढणें, दिवसाचा खर्च लिहिणें हीं कामें तेरा वर्षांची मुलगी वडिलांपेक्षां नीट करते. मधल्याकडे नग मोजण्याचें काम सोंपवावें. गाडींत चढतांना आठ आणि उतरतांना आठ, हा हिशेब एकदां त्याच्याकडे दिला कीं तो इतक्या काटेकोरपणें ठेवतो कीं आजीची पानसुपारीची पिशवीहि त्यांतून सुटत नाहीं.

या साऱ्या खटाटोपाला एक कारण आहे, आणि तें वेळेच्या हिशेबांत दडलेलें आहे. माणसाला तीन-साडेतीन वर्षांपूर्वींच्या गोष्टी मोठेपणीं बहुधा आठवत नाहींत, असें मानसशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ज्या धाकट्याच्या रडण्याप्रमाणें सारी सहल वळविली जाते, त्याला ती मुळीं आठवणारच नाहीं. थोरलीला ती जन्मभर आठवणार. आणि तीच पुढें फार वेळां बरोबर येणार नाहीं. दोन वर्षांनीं तिची दहावी, मग बारावी, मग कदाचित् दुसऱ्या गांवचें कॉलेज. तिन्ही मुलें एका गाडींत बसून निघतील अशा मे महिन्यांच्या सुट्या मोजूं गेल्यास त्या एका हाताच्या बोटांवर मावतात. धाकट्याचें शरीर सांभाळलें पाहिजे यांत शंका नाहीं, पण सहलीचा आठव कोणाच्या मनांत राहावयाचा आहे हें बेत करणाऱ्यानें विसरूं नये.

आतां वाटेंतल्या त्रासांकडे वळूं जातां त्यांत पहिला मान गाडी लागण्याचा. आंबेनळी किंवा कुंभार्लीसारख्या घाटांत मोटार वळणें घेऊं लागली कीं कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय मेंदूला कळवितें कीं शरीर हलत आहे. पण मुलाचे डोळे मोटारीच्या आंतल्या स्थिर वस्तूंकडे लागलेले असतात, आणि ते सांगतात कीं सारें स्थिर आहे. या दोन परस्परविरुद्ध साक्षींचा परिणाम पोटावर होतो. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचितच होतो. दोन ते बारा या वयांत तो अधिक. म्हणजे घाटांत खरा जपावा लागतो तो मधला, आणि तोच नेमका मागच्या बाकावर मोबाईलचा खेळ घेऊन बसलेला असतो. खेळ काढून घ्यावा, त्याला समोरचा दूरचा रस्ता दिसेल असें बसवावें, खिडकी थोडी उघडावी. निघतांना पोट रिकामेंहि नसावें आणि तळकट खाण्यानें भरलेलेंहि नसावें. दशमी किंवा मऊ भात चांगला. औषध डॉक्टरांना विचारल्यावांचून देऊं नये.

पोट बिघडून जुलाब होऊं लागले तर मुलाच्या शरीरांतील पाणी फार लवकर कमी होतें, आणि मूल जितकें लहान तितकें तें अधिक लवकर. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या क्षारसंजीवनीच्या पुड्या बरोबर असाव्या. त्या नसल्या तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, विरघळवून तें पाणी घोट घोट पाजावें. मीठ अंदाजानें घालूं नये. तें अधिक झालें तर अपाय होतो. मूल मलूल झालें किंवा लघवी होईनाशी झाली तर डॉक्टर गांठावा. सहल तेथेंच राहूं द्यावी.

समुद्राकांठीं मात्र वर सांगितलेला वांटणीचा नियम सैल करावा लागतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळीं चालत गांठतां येतो, आणि भरती आली कीं वाट पाण्याखालीं जाते. येथें घड्याळ मुलांचें नव्हे, समुद्राचें. काल लोक दहाला गेले म्हणून आज दहाला निघणें चुकीचें, कारण भरतीओहोटी रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. कोंकणांतील लोकांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळीं नऊच्या सुमारास. मुलांना घेऊन जाण्यास ती वेळ सोयीची. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारीं येते खरी, पण ती भांगाची. पाणी पुरतें ओसरत नाहीं. नेमकी वेळ छापील कोष्टकांत पाहून स्थानिक लोकांना विचारून घ्यावी, आणि किल्ल्यांतून परत निघतांना सर्वांनीं एकदमच निघावें. पोहतां न येणाऱ्या प्रत्येक मुलामागें एक जाणतें माणूस, तेंहि हाताच्या अंतरावर. ‘सगळ्यांचें लक्ष आहे’ असें जेथें म्हटलें जातें तेथें बहुधा कोणाचेंच नसतें.

गर्दीच्या स्थानकावरहि हाच नियम. कोणाकडे कोण, हें नांव घेऊन ठरवावें. सकाळीं निघतांना मुलांचें एक छायाचित्र त्या दिवसाच्या कपड्यांत काढून ठेवावें, आणि धाकट्याच्या खिशांत वडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. मूल हरवल्यास १०९८ आणि रेल्वेंत १३९ हे क्रमांक उपयोगीं पडतात, ते थोरलीला पाठ असावेत.

तिकिटांचा विचार दोन वाक्यांत सांगतां येईल. रेल्वेंत पांच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा न घेतल्यास भाडें नाहीं, आणि पांच ते बारा वर्षांच्या आंतील मुलाला एप्रिल २०१६ पासून स्वतंत्र शायिका घेतल्यास पूर्ण आणि न घेतल्यास अर्धें भाडें पडतें. रात्रीच्या प्रवासांत हें अर्धें भाडें वांचवूं नये. आठ वर्षांचा मुलगा आईच्या शायिकेवर निजला तर आई रात्रभर बसून असते आणि सहलीचा पहिला दिवस तिच्यापुरता बुडतो. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीं खुलें होतें, तेव्हां मेच्या पहिल्या आठवड्याचा बेत मार्चच्या आरंभींच पक्का झाला पाहिजे.

परतीचें तिकीट रविवार रात्रीचें न काढतां शनिवारचें काढावें. घरीं आल्यावर एक पुरता दिवस हातीं राहिला म्हणजे धाकट्याची झोंप मार्गावर येते, लाल मातीचे कपडे धुतले जातात, आणि थोरली आपल्या वहींतला खर्च वडिलांच्या हिशेबाशीं ताडून पाहते. दोन्ही हिशेब जुळले नाहींत तर प्रथम तिचा बरोबर धरावा.